सोनलला माहेरी सोडायला

ठराव चांगदेवानेच मांडला होता, त्यामुळे आता बोंब मारायलाही तोंड उरलं नव्हतं. महाळुंगे पडवळच्या विहारात, मंडळाचा अध्यक्ष म्हणून, त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: छप्पन साली बौद्ध होताना बापजाद्यांनी देव नदीत सोडले, ते बाहेरून आलेल्या सुना परत घरात आणतायत, जी सून देव टाकणार नाही तिला माहेरी पोचवावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि आठवड्याभरात त्याच्याच सुनेच्या पेटीत तिच्या माहेरच्या देवीचा, वरसूबाईचा टाक निघाला. रुपयाएवढा चांदीचा पत्रा तो, पण गावभर बोभाटा झाला.

"आईनं दिलाय. पुजत नाय मी, पण टाकणार बी नाय," सोनल म्हणाली. ही डोंगरातली पोरगी पसंत करून आणणारा त्याचा लेक रत्नदीप तर त्याहून शहाणा. "ठराव तुमचा, तर सोडायला तुमीच जा."

म्हणून अठ्ठ्याण्णव सालच्या एप्रिलात, भर उन्हात, चांगदेव सुनेला घेऊन तळेघरला उतरला. एसटी पुढे जात नव्हती. वर तासभराची चढण. सोनल पिशवी डोक्यावर घेऊन पुढे, हा मागे, धापा टाकत; मंडळाला, लेकाला, एसटीला आणि त्या टाकाला शिव्या घालत. एकदा ती थांबली. "मामा, पाणी घ्या." रागाच्या भरात त्याने अर्धी बाटली रिकामी केली.

तिचं घर बंद होतं. खाली खाचरात तिचा बाप भागू आणि आई अंबाबाई दोघंच दगड वाहत होती. पावसाच्या आधी भातखाचराचा बांध घालायचा, हे काम त्या डोंगरात कुणी एकटं करत नाही. आज याचं, उद्या त्याचं, असं वीस-पंचवीस घरं मिळून उरकतात. पडकई म्हणतात त्याला. इथे माणसं दोन, आणि बांध गुडघ्याएवढाही चढला नव्हता.

"बाकीची कुठं हायेत?" चांगदेवाने विचारलं.

भागू कसनुसा हसला. "जातीभाईर, तुमच्यात पोरगी दिली ना पावणं. दोन वर्सं झाली, आमच्या पडकईला कुणी येत नाय. भावकीनं तसं ठरवलंय." मग सोनलच्या पिशवीकडे बघून त्याचा चेहरा उतरला. "आन तुमी कसं काय आलात? पोरीला घिऊन?"

अंबाबाई हातातला दगड तसाच धरून उत्तराची वाट बघत राहिली.

चांगदेवाला भयंकर वैताग आला. तिकडे ठराव, इकडेही ठराव. अक्कल गहाण टाकून सगळे ठरावच करत बसलेत, आणि त्यातला पहिला गाढव आपणच. सोनलने बापाला सांगायला तोंड उघडलंसुद्धा.

"पडकईला आलोय," चांगदेव खेकसला आणि सदरा काढून टॉवेल डोक्याला गुंडाळू लागला. "दोन वर्सं झाली, तर सांगायला काय झालं व्हतं? आन बांध असा घालत्यात व्हय? पार वाकडा हाय."

अंबाबाईच्या हातातला दगड त्याने काढून घेतला आणि बांधावर बसवला. सोनलने पिशवी खाली टाकली, पदर खोचला.

"ऐतवारी सगळं मंडळ घिऊन येतो," चांगदेव दुसऱ्या दगडाला वाकत म्हणाला. "लई टाळ्या वाजवत्यात. हात रिकामेच हायेत त्यांचे."