रविवारचा निरोप

वकील धैर्यशील यांनी निकालाची प्रत उलटून शेवटून तिसरं पान काढलं आणि ते उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचच्या आवारातल्या बाकाशी आले. संघप्रिया आणि तिचे सासरे बाबासो सकाळपासून तिथं बसले होते.

“ताई, अपील मंजूर झालं. तो अपघातच होता, असं कोर्टानं म्हटलंय.”

संघप्रियाने पदर तोंडाला लावला. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा संघर्ष पुण्याला कामावर परतताना धावत्या गाडीतून पडून गेला होता. घरात भांडण झालं म्हणून त्यानं स्वतःच उडी मारली, असं रेल्वेचं म्हणणं. रेल्वेच्या दावा न्यायाधिकरणानं ते मानून भरपाई नाकारली होती. संघर्ष गेल्यापासून बाबासो सुनेशी बोलत नव्हते. उचगावच्या दोन खोल्यांत राहून दोघं संघप्रियाच्या लहान लेकीच्या, दीक्षाच्या तोंडून एकमेकांना निरोप देत. सासरे आपल्यालाच दोष देतात, असं संघप्रियानं धरून ठेवलं होतं.

“कशावरनं ठरिवलं?” बाबासोंनी विचारलं.

“फोनवरनं. संघर्षनं गाडीतून ताईंना फोन केला होता. ताईंची साक्ष झाली तेव्हा तुम्ही बाहेर होता. रविवारी येतो म्हणणारा माणूस अर्ध्या तासात जीव देत नाही, असं न्यायमूर्तींनी लिहिलंय.”

“कसला फोन?”

धैर्यशील यांनी संघप्रियाकडे पाहिलं. बाबासो सुनेकडे वळले.

“मला का न्हाय सांगितलंस?”

“तुमी माझ्याकडं बघतबी नव्हता, आबा.”

“कुठल्या तोंडानं बघू?” म्हाताऱ्याचा आवाज चढला आणि तिथंच फाटला. “त्या सकाळी मीच बोललो हुतो त्याला. परत उंबऱ्यात पाय ठेवू नगंस म्हटलं. सा वर्सं मला वाटतंय, माझ्यामुळंच…”

संघप्रिया त्यांच्याकडे बघतच राहिली. धैर्यशील कागद घेऊन हळूच बाजूला झाले.

“काय म्हणाला त्यो? हाय तसं सांग.”

“म्हणाला, आबांचा राग निवळू दे. रविवारी येतो. त्यांना डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यायचंय.”

“आनि?”

“आनि कायबी न्हाय. गाडीचा आवाज आला.”

“परत सांग.”

तिनं परत सांगितलं. बाबासो डोळे मिटून ऐकत होते. तिसऱ्यांदा सांगताना तिचा एक शब्द चुकला. तो त्यांनी दुरुस्त केला.