अनोळखी दाता

सकाळच्या पाळीला लाँड्रीत नेहमीचाच गोंधळ होता. हॉटेलांतून आलेल्या मळक्या चादरींचे ढीग दाराशी पडले होते, धुण्याची मोठी यंत्रं घुमत होती आणि वाफेनं खिडक्यांच्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या. एवढ्यात तोंडाला मास्क लावलेला इस्त्रीमास्तर आत आला आणि सगळ्यांनी एकच गिल्ला केला.

"मास्तर, आजारी होतात की आजोळी? गाल केवढे वर आलेत!"

"गोळ्यांनी आलेत रे. माझं काही कर्तृत्व नाही त्यात."

किडनी बदलल्यानंतरचा मास्तरचा हा कामावरचा पहिला दिवस. लाँड्रीची सगळी सूत्रं मुकादमबाईंच्या हातात. त्यांनी त्याच्यासाठी खिडकीजवळ गादीची खुर्ची मांडून ठेवली होती. "मळक्या कपड्यांकडे फिरकायचं नाही. काही उचलायचं नाही. इथे बसायचं आणि धुतलेल्या गठ्ठ्यांना चिठ्ठ्या लावायच्या," त्यांनी दम भरला. कुणी पाण्याची बाटली आणून दिली, कुणी पंखा वळवला. मास्तर संकोचून बसला.

"पण किडनी दिली कुणी हो?" यंत्रावरच्या म्हाताऱ्या धोब्यानं विचारलं.

मास्तरनं घरून पाठ करून आणलेलं उत्तर दिलं. "एक अनोळखी माणूस वारला. त्याच्या घरच्यांनी दिली."

"केवढ्या मनाची माणसं!" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

त्याच वेळी शेजारच्या यंत्रातून मास्तरची धाकटी बहीण पिळलेल्या ओल्या चादरी उपसत होती. तिनं सगळं ऐकलं. मागे वळून मात्र पाहिलं नाही.

किडनी तिचीच होती. दवाखान्यात दाता कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा काकांची पाठ अचानक दुखायला लागली, चुलतभावाला परगावचं काम निघालं. आईला मधुमेह, त्यामुळे तिची देता येईना. मग सगळ्यांच्या नजरा धाकटीकडे वळल्या. "तुझ्या दादाचा प्रश्न आहे," एवढंच आई म्हणाली. तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही नाही म्हटलं नाही. भावावर तिचा जीव होता, ही गोष्ट खरी. पण त्या घरात तिचं शरीर घरच्यांचं आणि भावाचं शरीर त्याचं स्वतःचं, असा हिशेब कुणी न मांडताच ठरून गेला होता.

दवाखान्यातून घरी येताच आईला दुसरी चिंता लागली. एका किडनीची मुलगी कोण पत्करणार? डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की, काळजी घेतली तर हिला संसार, मुलंबाळं, नोकरी, सगळं जमेल. पण डॉक्टर काही स्थळं घेऊन येत नाहीत, असं आईचं म्हणणं. म्हणून लाँड्रीत सांगितलं गेलं, धाकटीला कावीळ झाली. कावीळ म्हटल्यावर सुट्टी तरी किती मागणार? पोटावरची जखम पुरती भरायच्या आतच ती पुन्हा यंत्रासमोर उभी राहिली. मास्तरला हे सगळं ठाऊक होतं. त्यालाही ते सोयीचं वाटलं होतं.

भरीस भर म्हणजे मुकादमबाईंना ही मुलगी पुतण्यासाठी मनात भरली होती. त्या दिवशी ढकलगाडीचं चाक निखळलं आणि चादरींच्या टोपल्या हातानं न्यायची वेळ आली. धाकटीनं एक टोपली कमरेवर घेतली.

"बघा, बघा," मुकादमबाई कौतुकानं म्हणाल्या, "दोन गड्यांना भारी आहे पोर. आमच्या घरात अशीच हवी."

धाकटी हसली. दुसऱ्या टोपलीला तिचा चेहरा उतरला. मास्तरनं ते पाहिलं. 'थांब' म्हणायला त्याचं तोंड उघडलं, पण आईची तंबी आठवली आणि त्यानं मान खाली घालून आणखी एक चिठ्ठी लावली. तिसऱ्या टोपलीला ती पोट धरून ओल्या फरशीवर खाली बसली.

सगळे धावले. "कावीळ उलटली की काय?" कुणीतरी म्हणालं.

धाकटीनं दात आवळून मान डोलावली. "हो, कावीळच असेल. होईल बरं."

ते ऐकून मास्तरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वेदनेनं कळवळत असतानाही ती त्याचंच खोटं सांभाळत होती, आणि तो गादीच्या खुर्चीवर बसला होता. तो उठून तिच्यापाशी आला.

"कावीळबिवीळ काही नव्हती," तो म्हणाला. "अनोळखी माणूसही नव्हता. माझ्या पोटात आहे ती हिची किडनी आहे."

म्हाताऱ्या धोब्यानं यंत्र बंद केलं.

"अहो, मग मला सांगायचं नाही का?" मुकादमबाई कळवळून म्हणाल्या. "तुम्हाला मी खुर्ची दिली, आणि हिच्या कमरेवर टोपल्या चढवल्या!" त्यांनी धाकटीचं डोकं मांडीवर घेतलं. पण थोड्या वेळानं त्यांचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहिलं. "माझ्या मनात होतं की पुतण्याला... बरं, जाऊ दे आता ते."

त्या 'जाऊ दे'मध्ये सगळं आलं. मुकादमबाई वाईट नव्हत्या. वाईट माणसांवाचून हे सगळं चालतं, याचीच तर लाज वाटायला हवी.

दवाखान्यात कळलं, टाक्यांखालचा पोटाचा स्नायू फाटला होता. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणार होती. "हिला ओझी कुणी उचलू दिली?" डॉक्टरांनी विचारलं. मास्तरला मान वर करता आली नाही.

घरी आईनं कपाळाला हात लावला. "थोडा वेळ तोंड बंद ठेवता आलं नाही का रे तुला? चांगलं चालून आलेलं स्थळ घालवलंस!"

भिंतीला टेकून बसलेली धाकटी शांतपणे म्हणाली, "आई, आज दादा कामाला निघाला तेव्हा तू जिना उतरून खालपर्यंत गेलीस. 'सावकाश चाल' म्हणालीस. मी पहिल्या दिवशी निघाले तेव्हा काय म्हणालीस, आठवतं?"

आईनं तोंड फिरवलं.

"'ताठ चाल' म्हणालीस. 'लोकांना कळेल.'"

आईनं पदर तोंडाला लावला. ती रडत होती, पण तिला जवळ घ्यायला दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

मास्तर बहिणीजवळ बसला. "माझं चुकलं," तो म्हणाला. "यापुढे कुणीही विचारू दे, मी तुझंच नाव सांगेन."

धाकटीनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, म्हणूनच त्याला ती नजर सोसवेना.

"आणि कुणी विचारलंच नाही, तर?"