दहा अंशांखाली पेटी उघडू नये

१२ अंश, दुपारी साडेबारा

चारनंतर वारा फिरणार, मग बर्फ. टोरांटोजवळ एटोबिकोतल्या घराच्या मागच्या अंगणातली मधपेटी उघडायला आजची दुपारच आहे. यशोधराने ऑफिसला कळवलं, पोट बिघडलंय.

११ अंश

तीन दिवसांपूर्वी ती पाकाचे रिकामे डबे घासत होती. हिवाळ्याआधी मधमाश्यांना पांढऱ्या साखरेचा पाक देतात. तो पेटीतल्या पोळ्याच्या चौकटींत साठवून त्या एप्रिलपर्यंत तगतात. सप्टेंबरात तिला कामासाठी दूर बर्नाबी शहरात जावं लागलं, तेव्हा पाक सासूबाईंनी, रमाबाईंनी, दिला होता. डब्याच्या तळाशी तपकिरी चिकटा. तिने बोट लावून चाखलं.

गूळ.

अजून ११

गुळातलं बरंच काही माश्यांना पचत नाही. त्या पेटीत घाण करत नाहीत. थंडीत बाहेर पडता येत नाही म्हणून आठवडेच्या आठवडे धरून ठेवतात. गुळावर धरवत नाही. मग आतच घाण, मग एकमेकींवर, मग रोग, मग मार्चमध्ये झाकण काढावं तर…

१० अंश

गुळाच्या पाकाने भरलेल्या काळपट चौकटी सहा. चार निघाल्या. त्यांच्या जागी बेसमेंटमध्ये राखलेल्या मधाच्या चार.

"काय शोधते गं?" रमाबाई. जॅकेटवर शाल, पायात मुलाचे बूट.

"काही नाही, आई. वजन बघतेय."

"वजनाले झाकण कायले काढते? मागच्या आठवड्यात तर पेटी नुसती मागून उचलून पाहिली."

यशोधराने मधाची शेवटची चौकट जागेवर सरकवली.

"गूळ ना? तुले डबा चाखताना मी खिडकीतून पाहिलं. तीन दिवस चहा घ्या, जेवायला या, एवढंच बोलते."

"आई, तुम्हाला माहीत नव्हतं."

"बाळंतिणीले आपण साखर देतो का? मले वाटलं, थंडीच्या तोंडावर अंगात ऊब राहील त्यांच्या." शाल ओढून घेत, "सरळ सांग ना, कॅनडाच्या माश्यांले नागपूरचा गूळ सोसत नाही."

यशोधराला हसू आलं नाही.

९ अंश

उरलेल्या दोन काळपट चौकटी अगदी मधोमध. त्यांवरच माश्यांचा गोळा बसलेला, आत कुठेतरी राणी. चौकटी उचलल्या तर गोळा फुटेल, गारठ्यात माश्या खाली पडतील. ठेवल्या तर पायाखालचा गूळच त्या आधी खाणार.

"मी धरू एक बाजू?"

"हात लावू नका!"

अकरा वर्षांत ती सासूवर ओरडली नव्हती. रमाबाईंनी हात शालीत घेतले.

८ अंश, उघडून वीस मिनिटं

"त्या दोनमध्ये किती दिवसांचं खाणं आहे?" रमाबाईंनी हळूच विचारलं.

"तीन आठवडे. फार तर चार."

"आणि तेवढ्यात एखादा उन्हाचा दिवस आला तर?"

"बाहेर पडतील. मोकळ्या होतील. परत येतील."

"आणि नाही आला तर?"

यशोधराने दोन्ही चौकटी तशाच ठेवल्या. वर वर्तमानपत्र, त्यावर जास्तीचं खाणं म्हणून कोरडी साखर, झाकण, भोवती थंडीसाठी काळं वेष्टण. चूक झाली असेल तर आता झालेली होती.

उणे ४
उणे ९
उणे ६, बर्फ

रोज सकाळी टीव्हीवर हवामान लागलं की रमाबाई आवाज वाढवतात. राजरत्न, यशोधराचा नवरा, म्हणतो, "आई, आवाज वाढवून ऊन पडत नाही." दोघींपैकी कुणीच त्याच्याकडे बघत नाही.

उणे ११, एकविसावा दिवस

पेटीला कान. आवाज आहे. कालच्याएवढा आहे का, यावर दोघींचं एकमत नाही.

७ अंश, चोविसावा दिवस, लख्ख ऊन

अकरा वाजले. पेटीच्या दारावरचा बर्फ यशोधराने हाताने काढला. साडेअकरा. बारा. दोघी उभ्या.

साडेबाराला एक माशी दारात आली, थांबली, उडाली. ती मोकळी झाली, समोरच्या बर्फावर पिवळट ठिपका पडला.

"एक," रमाबाई म्हणाल्या.

मग बराच वेळ दारात दुसरी माशी आली नाही, आणि त्यांना पुढचा आकडा म्हणता आला नाही.