आठ निळ्या खुंट्या

मित्रांनो, कुणी कोट अडकवायला आलं की मी आधी त्याचा हात बघते आणि मग तोंड. स्वभावच तसा झालाय माझा. मी अठरा खुंट्यांची एक जुनी लाकडी फळी आहे. एका फुटबॉल क्लबच्या कपडे बदलायच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर, गेली बावीस वर्षं मी जागा सोडलेली नाही. अक्कल खुंटीला टांगून ठेवली असं लोक एकमेकांना बोलतात, पण माझ्यावर आजवर कुणी अक्कल टांगल्याचं मला आठवत नाही. ओले शर्ट, चिखलाचे मोजे आणि थापा मात्र खूप टांगल्या.

माझा संशयी स्वभाव लाकडातूनच आला आहे. क्लबची जुनी तिकीटखिडकी मोडली, तेव्हा तिच्या दारातून सुताराने मला घडवलं. त्या दाराने आयुष्यभर बिनतिकिटाने आत शिरणारे लोक पाहिले होते. कुणी वाकून, कुणी गर्दीत मिसळून, कुणी आपण अध्यक्षांचे मेहुणे आहोत असं सांगून. अध्यक्षांना मेहुणाच नव्हता. असल्या लाकडाची फळी भोळी कशी निघणार?

सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केलं आणि भिंतीवर चढवलं. सुरुवातीला माझं कौतुक फार झालं. मैदानात उतरण्यापूर्वी प्रत्येक जण मला हात लावून जायचा. पुढे समोरच्या भिंतीवर मोठा आरसा आला आणि माझ्याकडे सगळ्यांची पाठ झाली. माझं त्यावाचून काही अडलं नाही. कोट कसा अडकवला यावरून मला सामना कळतो. जिंकलेला माणूस दोन बोटांनी अडकवतो, हरलेला फेकतो, आणि ज्याच्यामुळे संघ हरला तो पाय मुरगळल्याचं सांगत सावकाश अडकवतो. माझं तेल-पाणी मात्र एका माणसाने कधी चुकवलं नाही. संघाचे कपडे धुणारे कपडेकाका दर महिन्याला माझे स्क्रू पिळायचे आणि तेलाचा बोळा फिरवायचे. या खोलीत संशय न घ्यावा असा तेवढा एकच माणूस, असं मी धरून चालले होते.

बारा वर्षांपूर्वी आमचा संघ सपाटून हरला आणि खालच्या गटात ढकलला गेला. तेव्हा अध्यक्षांनी याच खोलीत सगळ्यांना उभं करून दहा वर्षांची योजना वाचून दाखवली. तिच्यात तीन उद्दिष्टं होती. संघ पुन्हा वरच्या गटात न्यायचा, प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर छप्पर घालायचं आणि अठरा खेळाडूंपैकी आठ आपल्याच मुलांच्या विभागात वाढलेले असायचे. त्या दिवशी असा खेळाडू एकही नव्हता. अठराच्या अठरा बाहेरून आणलेले. अध्यक्षांचा आवाज इतका भरून आला की माझ्या मनात लगेच शंकेची पाल चुकचुकली.

मुलांचा विभाग ताई चालवायची. ती स्वतः याच मैदानावर खेळून मोठी झालेली, आता कोच. मुलांच्या खोलीत माझ्यासारखीच एक फळी आहे, पण तिच्या खुंट्या बोटभर आखूड, कारण मुलांचे कपडे हलके. त्यांची टोकं निळी रंगवलेली. ताईने आणि सुताराने मिळून एक रीत पाडली. मुलगा मुख्य संघात निवडला गेला की त्याची लहानपणची खुंटी तिथून काढायची आणि माझ्यावर आणून बसवायची. तिसऱ्या वर्षी पहिली निळी खुंटी आली. तो मुलगा आता कप्तान आहे. वयाच्या सातव्या वर्षापासून तो त्याच खुंटीला कपडे अडकवतोय, आणि मधूनच तिच्या टोकावरून अंगठा फिरवतो. मी हे कुणाला दाखवलं नाही, पण तेव्हा मला बरं वाटायचं.

दरवर्षी प्रगतीचा आढावा व्हायचा. अध्यक्षांना खेळाडू पाठीवरच्या नंबरावरून ओळखू यायचे, त्यातही पुष्कळदा गडबड व्हायची. म्हणून ते दारात उभे राहून निळ्या खुंट्या मोजायचे आणि आकडा अहवालात जायचा. ताईची हजेरीवही होती, पण ती कधी कुणी मागितली नाही. रंग मोजायचा आणि निघायचं. लांबी सगळे विसरले. मला मात्र प्रत्येक खुंटी आतून कळायची.

दहावं वर्ष उजाडलं तोवर संघ वरच्या गटात गेला होता आणि पायऱ्यांवर छप्पर आलं होतं. निळ्या खुंट्या मात्र सहाच. अध्यक्षांनी ताईला माझ्यासमोरच सांगितलं, "शेवटच्या आढाव्याला आठ हव्यात. नसतील तर मुलांचा विभाग बंद. त्या खोलीत व्यायामाची यंत्रं बसवायची आहेत."

"मुलं कुठे जातील?" ताईने विचारलं.

"ते तुम्ही बघा," असं म्हणून ते आरशात केस नीट करू लागले.

त्या दिवसापासून मी ताईवर नजर ठेवली. राग येऊ देऊ नका मित्रांनो, पण विभाग तिचा, गरज तिची. शिवाय तिच्या खांद्याला एक कापडी पिशवी असायची. आत काहीतरी लाकडी खडखडायचं. ती पिशवी तिने माझ्यावर कधी अडकवली नाही. जिच्यात लपवण्यासारखं काही नसतं, ती पिशवी माणूस असा सारखा कवटाळून धरतो का?

आढाव्याच्या आदल्या आठवड्यात खोलीच्या भिंतींना चुना दिला. शिंतोडे उडू नयेत म्हणून माझ्यावर जुनी चादर टाकली होती. संघ परगावी खेळायला गेलेला, भरदुपार, खोलीत शुकशुकाट. तेवढ्यात पिशवीचा खडखडाट ऐकू आला. ताई होती. तिने चादरीखाली हात घातला, माझ्यावर काहीतरी टेकवून पाहिलं, सुस्कारा सोडला आणि निघून गेली. थोड्या वेळाने पुन्हा एक हात आत आला. या वेळी ब्रश होता. माझ्या नवव्या आणि दहाव्या खुंटीच्या टोकाला गार ऑइलपेंट लागला. हाताला कपडे धुण्याच्या साबणाचा वास येत होता, पण या खोलीत कशाला तो येत नाही? मी तिकडे लक्षच दिलं नाही. चोर सापडला, असं मनाशी म्हणून मोकळी झाले.

शेवटच्या आढाव्याला तपासणीसाठी बाहेरून एक बाई आल्या. आयुष्यभर शाळा तपासण्याचं काम केलेल्या, चष्म्याला दोरी लावलेल्या. त्या माझ्यासारख्याच संशयी. खेळाडू सरावाला गेले होते, त्यांचे कोट माझ्यावर होते. बाईंनी एकेका कोटाआडून डोकावून निळी टोकं मोजली. मग खुंटा हलवून बळकट करावा तशी प्रत्येक खुंटी हलवूनही पाहिली. आठ भरल्या. अध्यक्ष प्रसन्न हसले. कपडेकाका कोपऱ्यात शर्टांच्या घड्या घालत होते, त्यांचा हात थांबला होता. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

मी ताईकडे बघत होते. आता ही सुटकेचा निःश्वास टाकणार, असं मला वाटलं. ताई म्हणाली, "थांबा मॅडम. आठ नाहीत, सहाच आहेत."

तिने नवव्या आणि दहाव्या खुंटीवरचे कोट काढले आणि शेजारच्या खऱ्या निळ्या खुंटीला बोट लावून दाखवलं. या दोन्ही तिच्याहून बोटभर लांब होत्या. "आमच्या मुलांची खुंटी आखूड असते," ती म्हणाली. "ह्या मुळातल्या इथल्याच आहेत. वरून रंगवल्यात."

अध्यक्ष लाल झाले. "रंगवल्या कुणी? तुमच्याशिवाय याचा फायदा कुणाला होता?"

मलाही तेच विचारायचं होतं. बाईंनी ताईच्या खांद्याकडे पाहिलं. "त्या पिशवीत काय वाजतंय?"

ताईचा हात पिशवीवर घट्ट झाला. मी म्हटलं, आता निघणार ब्रश. तिने पिशवी उलटी केली आणि बाकड्यावर दोन खुंट्या पडल्या. आखूड, निळ्या, टोकांचा रंग लहान हातांनी झिजलेला.

"दोन मुलं आहेत माझी, सतरा वर्षांची," ताई म्हणाली. "त्यांच्या खुंट्या काढून आणल्या होत्या. निवड होईल असं वाटलं होतं. मोठ्या संघाचे कोच म्हणाले, अजून एक-दोन वर्षं थांबा. त्यांचं बरोबर आहे, अजून कच्चे आहेत दोघं. गेल्या आठवड्यात इथे येऊन लावून पाहिल्या. सुताराला सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. नाही सांगितलं. निवड झाली नाही तर खुंटी कशी लावायची?"

कोपऱ्यातून घडी घातलेला शर्ट खाली पडला. "ताईला काही बोलू नका," कपडेकाका म्हणाले. "ब्रश माझा होता. लांबी कोण मोजतंय, असं वाटलं मला. पोरं सकाळी येतात, त्यांचा कालवा ऐकायची सवय झालीय."

मित्रांनो, मला तोंडात मारल्यासारखं झालं. जिच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली ती सरळ निघाली, आणि ज्याच्यावर कधी शंका घेतली नाही त्याच्या हाताला रंग निघाला. साबणाचा वास मला आला होता. मी तो ओळखायचं टाळलं, कारण ते हात मला आवडत होते. आजही काका बोळा घेऊन आले की मी आधी वास घेते, आणि मग मलाच वाईट वाटतं.

पण त्याहून वाईट पुढे झालं. बाईंनी सरावाहून सगळ्यांना बोलावलं. आता सहा खुंट्यांवरही त्यांचा भरवसा उरला नव्हता. कप्तानाला त्यांनी विचारलं, "तुम्ही खरंच इथेच वाढलात, की तुमचीही रंगवलेली आहे?" कप्तानाने आपली खुंटी फिरवून आट्यांतून काढली आणि उलटी करून त्यांच्या हातात दिली. खालच्या बाजूला लहानपणी त्याने किल्लीने चेंडू कोरला होता, वाकडातिकडा. मग ताईची हजेरीवही आली आणि सहाही नावं एकेक करून तपासली गेली. दोन खोट्या टोकांपायी सहा खऱ्या मुलांना आपण खरे आहोत हे सिद्ध करावं लागलं. कपडेकाका त्या वेळी खाली बघत होते.

बाईंनी अहवालात सहाच लिहिले. "दहा वर्षांपूर्वी शून्य होते," त्या अध्यक्षांना म्हणाल्या, "आणि दोन पिशवीत आहेत. रंगवलेले आठ मी मानत नाही. खरे सहा मानते. यांना दोन वर्षं द्या, मग बघू." अध्यक्षांनी बराच वेळ आरशात पाहिलं आणि मान हलवली. व्यायामाच्या यंत्रांचं तूर्त राहिलं. तेव्हापासून आढाव्याला हजेरीवहीही येते.

त्या दोन खुंट्यांवरचा रंग कपडेकाकांनी स्वतः खरवडून काढला. तिथलं लाकूड अजून थोडं दुखतं.

मित्रांनो, तुम्ही माझ्यासारख्या एखाद्या जुन्या वस्तूला वापरता, तेव्हा एवढं करा. तिचे स्क्रू सैल झाले तर पिळा, धूळ बसली तर पुसा, पण जे झालेलं नाही ते झालं म्हणून तिच्यावर रंगवू नका. मला अठरा जणांचे ओले कोट पेलतात. तो एक ब्रश मला पेलला नाही.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. गेल्या महिन्यात सुतार त्या दोनातली एक खुंटी घेऊन आला. त्याने ती बसवली तेव्हा मी तिची लांबी दोनदा ताडून पाहिली. आखूड आहे. दुसरी अजून आलेली नाही, आणि मुदतीला सहाच महिने उरलेत. ती येईल की नाही, मला शंका आहे. पण ताई आता आत आली की पिशवी खांद्यावरून काढते आणि माझ्या दहाव्या, खरवडलेल्या खुंटीला अडकवते. दार लागलं की आतली ती एकुलती खुंटी माझ्यावर हलकेच आपटते. त्या आवाजावर मात्र मी कधी संशय घेत नाही.