तोंडात गेलेला पगार

माझा नवरा उंच इमारतींच्या काचा पुसतो, बाहेरून. कमरेला दोर, बाजूला बादली, हातात पुसणी. तेविसाव्या मजल्यावर वाऱ्यात हेलकावे खात असतो आणि आत गार हवेत बसलेली माणसं काचेवर पाल आल्यासारखी त्याच्याकडे पाठ करतात. असा हा माणूस, ज्याला पडून मरायची भीती नाही, तो एका पाच फुटी मुकादमासमोर मात्र चळचळा कापतो. त्या मुकादमाला सगळे रबर म्हणतात. त्याच्या खिशात बँकेच्या कार्डांचा गठ्ठा असतो आणि गठ्ठ्याला रबर लावलेलं असतं.

ती कार्डं कुणाची, हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. नवरा घरी नऊ हजार आणायचा, पाकिटातून. ठेकेदार रोखच देतो, म्हणायचा. मी नऊ हजारांत चार माणसं जगवत होते. मी, नवरा, नवऱ्याची बहीण आणि सासरे. एका खोलीत.

एका दुपारी कुरिअरवाला आला आणि नवऱ्याच्या नावाचं बँकेचं नवं कोरं कार्ड देऊन गेला. ज्याचं बँकेत खातंच नाही त्याला कार्ड कुठून? मी तशीच ओल्या हातांनी बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी खरं तर मला काही सांगायला नको होतं. पण माझा चेहरा बघून त्यांनाही राहवलं नसावं.

"पगाराचं खातं आहे," त्या म्हणाल्या. "दर महिन्याला सव्वीस हजार येतात. त्याच दिवशी सगळे काढले जातात. जुन्या कार्डाची मुदत या महिन्याअखेर संपतेय, म्हणून हे नवं."

सव्विसातून नऊ गेले, उरले सतरा. घरी येईपर्यंत त्या सतरा हजारांना मी लाल साडी नेसवली, केसांत फूल माळलं, आणि वर एक मूलही दिलं.

संध्याकाळी नवरा दारात बूट काढत होता.

"अहो, कोण आहे ती?"

एरवी मी त्याला अरेतुरे करते. 'अहो' निघालं की त्याला कळतं, आज जेवणाचं काही खरं नाही.

"कोण ती?"

"जिला दर महिन्याला सतरा हजार पोचवता ती. आम्ही इथे पातळ चहा पितो. तुमची महाराणी काय पिते?"

तो एका पायात बूट ठेवून खाली बसला. दुसऱ्या बुटाची नाडी उगाच पुन्हा बांधली.

"महाराणीला मिशा आहेत," तो म्हणाला.

"दादा!" नणंद किंचाळली. ती कोपऱ्यात नखं रंगवत होती, रंग बोटभर पसरला.

मग सगळं बाहेर आलं. ठेकेदार इमारतवाल्यांकडून माणशी सव्वीस घेतो. नियम आहे म्हणून ते बँकेत भरतो. मग रबर गठ्ठा घेऊन मशीनपाशी उभा राहतो, एकेक कार्ड घालून सगळे काढतो आणि नऊ-नऊ पाकिटात घालून वाटतो. कार्ड नाही दिलं तर काम नाही. घरात चोर शिरला तर माणूस निदान ओरडतो तरी. हा चोर दिवसाढवळ्या येतो, रांग लावायला सांगतो, आणि पाकीट घेतलं की थँक्यू म्हणायला लावतो.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू नऊ हजारांत सव्वीस हजारांचं भांडण केलं असतंस."

हे खरं होतं, म्हणून मी आणखी चिडले.

पण त्याच्या बोलण्यातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ठेकेदाराने सगळ्यांची खाती एकाच दिवशी, एकाच टेबलावर उघडली होती. म्हणजे सगळी कार्डं याच महिन्याअखेर मरणार होती. आणि बँकेने नवी कार्डं पाठवली होती ज्याच्या-त्याच्या घरी. चोरी फार नीटनेटकी केली की अशी अंगलट येते.

"रबर म्हणालाय, कार्ड घरी आलं की आणून द्या," नवरा म्हणाला.

"आलंच नाही म्हणून सांग."

"आणि काम गेलं तर?"

"तुझ्याशिवाय त्या काचेला कोण लटकणार आहे? रबर?"

त्याला हसू आलं. ते मी संमती म्हणून धरलं.

जेवण झाल्यावर आम्ही सव्वीस हजार वाटायला बसलो. पैसा हातात आलेला नव्हता, तरी खोलीतली हवा बदलली. नणंद पार्लरमध्ये गिऱ्हाइकांची डोकी धुते. स्वतःच्या नवऱ्याला सोडून आमच्याकडे आली तेव्हा एक पिशवी घेऊन आली होती. तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली.

"स्कूटर हप्त्यावर. फोन हप्त्यावर. मोठा आरसा लावलेलं कपाट, तेही हप्त्यावर."

"आणि खायचं काय?"

"वाणी काय हप्ते घेत नाही का, वहिनी?"

नवऱ्याचं वेगळंच सुरू झालं. हा माणूस नऊ हजारांत असताना राजा होता. कुणी मागितलं की खिशात हात. सव्वीस हातात येणार म्हटल्यावर त्याच्या कपाळावर आठी आली. उठून दाराची कडी हलवून बघितली.

"काय झालं?"

"ढिली आहे. आता असं चालायचं नाही. आणि शेजाऱ्याला दिलेली शिडी उद्याच्या उद्या परत आण."

"अरे, ती शिडी त्याचीच आहे!"

"मग राहू दे त्याच्याकडेच. उगाच येणं-जाणं नको."

एक पैसा खर्च करायचा नाही, असं त्याचं म्हणणं. सगळा बँकेत पडू दे. कशासाठी विचारलं तर म्हणाला, "असावा."

मला भिंत हवी होती. दोन खोल्यांचं घर, म्हणजे मध्ये एक भिंत. आमच्या घरात रुसायला जागा नाही. भांडण झालं की मी तोंड फिरवते, तर समोर नणंद. तिकडून फिरवते, तर सासरे. एकदा रागाने पाणी भरायच्या पिंपाकडे तोंड करून अर्धा दिवस काढलाय मी.

थोड्याच वेळात आम्ही तिसऱ्या वर्षाच्या पगारावर पोचलो. नवऱ्याने नणंदेच्या न घेतलेल्या स्कूटरच्या पेट्रोलवरून तिला झापलं. नणंदेने माझ्या न बांधलेल्या भिंतीत खिळा ठोकायचा हक्क मागितला. मी म्हटलं, तुला त्या घरात घेतंय कोण? ती रडायला लागली. नऊ हजारांत मी तिला इतकी वर्षं सांभाळलं होतं, आणि सव्वीस हजार नुसते ऐकून दहा मिनिटांत घराबाहेर काढलं. पैशाने माणूस बिघडतो म्हणतात ते साफ खोटं. न आलेल्या पैशानेही बिघडतो.

कोपऱ्यात सासरे चहात बिस्कीट बुडवून चोखत होते. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आमचे सासरे मालधक्क्यावर हमाल होते. पाठ तर मजबूत होतीच, पण त्यांची ख्याती होती तोंडासाठी. त्यांनी शिवी दिली की उलटा येणारा ट्रक जागच्या जागी थांबायचा. पुढे एकेक करून दात गेले आणि दातांबरोबर सगळा दारूगोळा गेला. साल्या म्हणायला जावं तर नुसती फुंकर यायची. ज्याला शिवी दिली तो हसायचा. मग त्यांनी शिव्या सोडल्या, हळूहळू बोलणंच सोडलं. मला सूनबाईऐवजी हूनबाई म्हणायचे. मी त्यांना रोज भात कालवून द्यायचे, आणि ते माझ्याकडे न बघता गिळायचे.

"बाबा, तुम्हाला काय हवं?" मीच विचारलं. पोरीला रडवल्यावर कुणाशी तरी चांगलं वागावं, म्हणून.

त्यांनी बशी खाली ठेवली. तोंड उघडलं आणि आत बोट दाखवलं.

नणंदेचं रडं थांबलं. नवऱ्याने कडी सोडली. त्या रिकाम्या तोंडापुढे स्कूटर, भिंत आणि बचत, तिन्ही एकदम लाजिरवाणी दिसायला लागली. मला तेव्हाही राग आला. म्हाताऱ्याचे दात रबर आणि त्याचा मालक महिन्याच्या महिन्याला खात होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना दातांच्या डॉक्टरकडे नेलं. पूर्ण कवळीचे अठरा हजार, तो म्हणाला.

"मागचे दात कुणाला दिसतात? ते साधे लावा."

"बाई, चावायचं मागच्यानेच असतं."

"मग पुढचे साधे लावा."

बाबांनी माझी बाही ओढली. पुढचे त्यांना चांगले हवे होते. का, ते मला तेव्हा कळलं नाही. शेवटी सोळा हजारांवर तुटलं. माप घ्यायची आगाऊ रक्कम नणंदेने आपल्या टिपांतून भरली. अजून बोलून दाखवते.

दरम्यान नळावर मी इतर कामगारांच्या बायकांच्या कानावर घातलं. त्यांच्याही घरी कार्डं आलीच होती. एकीने तर ते झुरळ मारायला वापरलं होतं. तिला म्हटलं, बाई, पुसून ठेव.

महिना संपून जुनी कार्डं मेली. नवा पगार झाला तो शुक्रवारी. बँकेत जाऊन नवऱ्याने आधीच कार्डाचा नवा गुप्त नंबर घेतला होता. मशीनसमोर तो एकदा नंबर चुकला, म्हणून मग मी दाबला. पैसे बाहेर आले तसे सरळ दवाखान्यात गेले, मध्ये घराचं दारसुद्धा दाखवलं नाही.

कवळी बसली. बाबांनी आरशात बघितलं. गाल वर आले होते. त्यांनी एकदा दातावर दात आपटले, आणि तोंड मिटून घेतलं.

"बोला ना बाबा," नणंद म्हणाली.

मानेने नाही.

"टोचतंय का?"

नाही.

सबंध शनिवार ते भिंतीकडे तोंड करून बसले. ओठ हलायचे, आवाज नाही. मी गाजर दिलं, ते कडाकडा खाल्लं, डोळ्यांत पाणी आलं, पण शब्द नाही. नवरा म्हणाला, "सोळा हजारांत मुका बाप घेऊन आलीस." मलाही वाटलं, फसवलं डॉक्टरने. मागे बसून म्हातारा कसली तयारी करतोय, कुणाच्या ध्यानी आलं नाही.

रविवारी संध्याकाळी रबर आला. घामाघूम, खिशात मेलेल्या कार्डांचा गठ्ठा. आमच्या आधी तो तीन घरी जाऊन आला होता. एका घरी पैशाचा फ्रिज झाला होता. दुसऱ्या घरी पाच वर्षांच्या ठेवीत गेले होते, मोडायला बायको तयार नाही. तिसरीने तर नवरा वारला म्हणून सांगितलं, आणि नवरा तिच्या मागे दोरीवर कपडे वाळत घालत होता.

"सतरा काढ," रबर नवऱ्याला म्हणाला.

नवरा भिंतीला चिकटला. त्याला नुसता दोरच बांधायचा बाकी होता.

"कसले सतरा?" मी विचारलं.

"वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका. कंपनीचे पैसे आहेत."

"कंपनीचे? मग पगार म्हणून का टाकले? बरं, असं करा. लिहून द्या की यांच्या पगारातले सतरा हजार मी परत घेतले. खाली सही करा. लगेच देते."

"लिहून कसं देणार?"

"का? हात दुखतो?"

रबरने माझा नाद सोडला आणि नवऱ्याकडे वळला. "उद्यापासून कामावर येऊ नकोस."

नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. मग तो जे बोलला ते ऐकून मी त्याच्याशी पुन्हा एकदा लग्न केलं असतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मग तेविसावा मजला तुम्ही घ्या. उत्तरेकडून वारा येतो, जरा सांभाळा."

"पैसे कुठेत?" रबर ओरडला.

"बाबांच्या तोंडात," मी म्हटलं.

रबर वळला. बाबा अजून भिंतीकडे बघत होते. "काय म्हातारबा, दात केले? काढा बघू. दुकानात देऊन जेवढे येतील तेवढे आणतो," असं म्हणून त्या गाढवाने खरंच हात पुढे केला, तळवा वर करून.

बाबा सावकाश उठले. त्याच्यासमोर उभे राहिले. शर्ट नीट केला. दोन दिवस साठवलेलं त्यांनी बाहेर काढलं.

"चोरट्या! दुसऱ्याच्या ताटात तोंड घालणाऱ्या सैतानाच्या साल्या!"

प्रत्येक अक्षर घासून पुसून ठेवल्यासारखं. त्याच्या पुढचं मी लिहायला तयार आहे, पण छापायला कुणी तयार नाही. गल्लीत मागे येणारा एक टेम्पो थांबला. शेजारचा शिडीवाला बाहेर येऊन उभा राहिला. बाबा थांबेनात. रबरच्या आजोबांपासून सुरू करून ते ठेकेदाराच्या व्याह्यांपर्यंत गेले, मध्ये एकदा श्वास घेतला, कवळी जिभेने जागेवर बसवली आणि पुन्हा सुरू झाले. मालधक्क्यावर गेलेली सगळी वर्षं त्या दारात उभी होती.

रबर उलट्या पावलांनी गेला. हातातला गठ्ठा उंबऱ्यावर पडला, रबर तुटलं आणि मेलेली कार्डं घरभर पसरली.

सोमवारी नवरा भीतभीत कामावर गेला. दोर जागेवर होता, बादली जागेवर होती. सगळ्यांनाच काढायचं तर काचा पुसणार कोण? पुढच्या महिन्यात ठेकेदार दुसरी काही युक्ती काढेल, काढणारच. आम्हीही बघून घेऊ. स्कूटर आणि भिंत यांत अजून ठरलेलं नाही.

त्या रविवारी रबर गेल्यावर नवऱ्याने दाराची कडी लावली. बाबा खाली बसले, घाम पुसला. मी घाईने चहा करून त्यांच्या हातात दिला. त्यांनी घोट घेतला. माझ्याकडे बघितलं. किती वर्षांनी बघितलं, आणि मला वाटलं, आता माझं कौतुक होणार.

"सूनबाई," ते म्हणाले, प्रत्येक अक्षर खणखणीत, "चहा पातळ आहे. सात वर्षं पातळ आहे. मला सांगता येत नव्हतं."