पिंजाऱ्याच्या छातीतली राखणदार

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, आणि पाहण्यासारखं माझ्यात आता काही उरलेलंही नाही. गयास पिंजाऱ्याच्या श्वासनलिकेच्या आतली ओलसर कातडी ती मी. निजामावरच्या पोलीस ॲक्शनला पंधरा वर्षं झाली तेव्हा औरंगाबादेत गयास जन्मला आणि त्याच्याबरोबर मीही. तेव्हा मी पातळ होते, गुलाबी होते, आणि खरं सांगते, माझ्या कामाचा मला भारी तोरा होता. आत आलेली धूळ चिकट्यात, म्हणजे कफात, धरायची आणि माझ्या अंगावरच्या बारीक केसांनी वर ढकलायची. गयास एकदा खाकरला की आम्ही दोघं मोकळे!

मोठेपणी त्याने खांद्यावर पिंजण, कापूस पिंजायची ती तातीची धनुकली, घेतलं. गारखेड्यातल्या अंगणांमध्ये बसून तो लोकांच्या जुन्या रजया उसवायचा आणि त्यातला कापूस पिंजायचा. पिंजताना उडून पडलेला चुरा पिंजाऱ्याचा, अशी त्यांच्याकडे रीत. त्याची बायको गौहर त्या चुऱ्याने घरच्या उशा भरायची. पण वर्षानुवर्षं माणसं ज्यावर झोपली, त्या कापसात डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. त्यांची घाण कामावर माझ्या अंगावर पडे आणि झोपेत उशीतूनही येई.

ती घाण काही विषारी नव्हती. मीच तिला शत्रू समजले आणि जो डूख धरला तो धरलाच. मग ती कणभर आली तरी माझ्यातल्या पेशी रसायनं सोडत, मी सुजे, चिकटा पाझरे, भोवतीचे स्नायू नळी आवळत. गयासच्या छातीत शिट्ट्या वाजत. दम ओसरला तरी काही तासांनी मी पुन्हा सुजे. राखणदारानेच धन्याचा गळा धरावा, तसं झालं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन पंप दिले. "हा निळा दम लागल्यावर. हा तपकिरी रोज घ्यायचा, बरं वाटलं तरी. आतली सूज यानंच उतरते. अन् घरातल्या उशा आधी बदला."

दीड महिन्यात मी शांत झाले. गयासला बरं वाटलं आणि तिथेच घात झाला.

"पंप क्यूं नै लिये जी?" गौहरने विचारलं.

"अब दम कां है मेरे कू? रोज लिया तो आदत पडती."

"और तकिये?"

"अपने हात का पिंजा हुआ कापूस है. इससे साफ किसके घर में है?"

हुन्नरावर केवढा हा विश्वास! मी त्याला सांगणार तरी कशी? मला खोकल्याखेरीज भाषा नाही.

पुढे अकरा वर्षं नुसता निळा पंप चालला. तेवढ्या काळात मी जाड झाले, केस झडले, स्नायू दणकट झाले. गेल्या महिन्यात गौहरने उशा फेकल्या, तपकिरी पंप पुन्हा आणला. सूज थोडी उतरते, पण मी काही आता पातळ होत नाही.

मित्रांनो, तुमच्या छातीतही माझी एक बहीण आहे. कुणाला दमा असेल, तर ती गप्प असतानाही तिचं औषध सोडू नका.

गयासला दुसरं काम येत नाही. आत्ता सारजाबाई नावाच्या म्हातारीने त्याच्यापुढे जुनी रजई आणून टाकली आहे.

"दमानं कर रं भाऊ, मला घाई नाय," ती म्हणते.

त्याने पहिला टाका उसवला. मी सुजू लागले आहे. मला थांबायचं आहे हो, पण थांबणं आता माझ्या हातात राहिलेलं नाही.