चूल कुणाची

गिरजाबाईने मडकं मांडीवर घेतलं, बोटाच्या पेराने चहूबाजूंनी वाजवून पाहिलं आणि कुठे चीर नाही याची खात्री झाल्यावर ते इनेसच्या पुढ्यात ठेवलं. मग ती उठून दोन पावलं मागे सरली आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन उभी राहिली.

"आता तू कर," ती म्हणाली. "मी हात लावायची नाय."

इनेसने वर पाहिलं. "पण मावशी, तुम्ही बोलला होता, पोपटी मी लावीन, तू बघ."

"बोलली असन. या आठवड्याची चूल कुणाची?"

"माझी."

"मंग झालं तर."

"मीठ किती, मला माहीत नाही."

"अंदाजानं टाक."

इनेस पोर्तुगालची. चार महिने काम करायला म्हणून आली होती आणि आता तिचे थोडेच दिवस उरले होते. पहिल्या आठवड्यात शेणाला हात लावताना नाक मुरडणारी ही मुलगी आता गोठा झाडून झाल्यावर त्याच हातांनी कपाळावरचे केस मागे सारायची. मराठी ती गिरजाबाईजवळ बसून, वालाचं बिरडं सोलता सोलता शिकली. त्यामुळे तिला 'धन्यवाद' नीट म्हणता येत नसे, पण 'मेल्या, सर की बाजूला' हे बैलाला उद्देशून अगदी चोख म्हणता येई.

निडी स्टेशनावरून चालत येण्याजोग्या अंतरावर ही वाडी होती. सात-आठ कुटुंबांनी आपापल्या जमिनी एकत्र केल्या होत्या. भातही एकत्र, वालही एकत्र, आणि जेवणही एकाच चुलीवर. आसपासचे लोक तिला 'समाईक' म्हणत. कौतुकाने म्हणत की टिंगलीने, ते ज्याच्या त्याच्या तोंडावर अवलंबून असे. नवरा गेल्यावर गिरजाबाईने आपलं शेत समाईकात घातलं आणि घराला कुलूप लावून ती इथल्या एका खोलीत राहायला आली. पोटी मूल नव्हतं. एकटीसाठी रोज चूल पेटवायची, तर भातापेक्षा धूरच जास्त होतो, असं ती म्हणे.

इथे चूल दर आठवड्याला हात बदलत असे. ज्याची चूल, त्याचा स्वयंपाक. बाकीच्यांनी मदत करायची, पण चव त्याची. दुसरा एक दंडक होता. बाहेरून कुणीही खायचं काही आणलं, तर ते आधी स्वयंपाकघरात जायचं आणि सगळ्यांना वाटलं जायचं. इनेसच्या आईने तिला घरून सुक्या अंजिरांचा डबा पाठवला, तेव्हा तिने तो दोन दिवस उशाशी ठेवला होता. तिसऱ्या दिवशी आपणहून आणून दिला. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं अंजीर आलं. वाडीतला धनेश तेवढं तोंडात टाकून म्हणाला होता, "तुझ्या आईला सांग, आमचं पोट भरलं. आता जेवण नको." इनेस डोळे पुसत हसली होती.

रविवारी कामाला सुट्टी असे. त्या दिवशी गिरजाबाई तिला कुठे कुठे घेऊन जाई. कधी रोह्याच्या बाजारात सुकी मासळी घ्यायला, कधी नुसतंच कुंडलिकेच्या काठाला. गेल्या रविवारी इनेसने मिठागर पाहायचं म्हटलं. तिच्या गावाजवळही मिठागर होतं आणि तिच्या आजोबांच्या टाचा म्हणे मिठाने कायमच्या फुटलेल्या होत्या. गिरजाबाईने आपली टाच वर करून दाखवली. दोघी मग गाडीने पेणला गेल्या आणि तिथून रिक्षाने खाडीकाठी, गिरजाबाईच्या माहेरी.

मिठागर असं आता फारसं उरलंच नव्हतं. बांध फुटून भरतीचं पाणी आत आलं होतं आणि वाफ्यांत तिवरं माजली होती. गिरजाबाईच्या थोरल्या भावाने, जगनदादाने, एका कोपऱ्यात दोन वाफे मात्र राखले होते, घरच्यापुरते. तो काठी टेकत पुढे चालला आणि इनेस मागे. खाली वाकून तिने मिठाचा खडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

"काय गो, बरा हाय का?" जगनदादाने विचारलं.

"आमच्यासारखंच आहे," ती म्हणाली.

जगनदादा खूश झाला. घरी आल्यावर त्याने सुनेकडून, प्रणिताकडून, पिशवीभर मीठ बांधून घेतलं आणि इनेसच्या हाती न देता खाली ठेवलं. मीठ हातावर देऊ नये, भांडण होतं. इनेसने पिशवी उचलली आणि सरळ म्हणाली, "दादा, पुढच्या रविवारी तुम्ही आमच्याकडे या. जेवायला. पोपटी."

प्रणिताचा हात तोंडावर गेला. गिरजाबाई जमिनीकडे बघत राहिली.

दिलेल्या मुलीच्या घरी, तिला लेकरू होईपर्यंत, माहेरच्या वडीलधाऱ्याने अन्न-पाणी घ्यायचं नाही, हा त्यांच्या घराचा रिवाज होता. बाप लवकर गेला, म्हणून गिरजाबाईचं कन्यादान जगनदादाने केलं आणि बापाच्या जागी तो बसला. लेकरू काही झालं नाही. वर्षामागून वर्षं गेली. जगनदादा भाऊबीजेला येई, ओवाळून घेई, ताटात लुगडं टाकी. मग ओट्यावर बसून, घरून बांधून आणलेली भाकरी सोडी आणि आपल्या तांब्यातलं पाणी पिई. गिरजाबाईने पहिली काही वर्षं त्याच्यासाठी रांधलं. नंतर रांधणं सोडलं. रुसून नव्हे. भरलेलं ताट परत आत नेताना नवऱ्याचा चेहरा बघवत नसे, म्हणून. तिने कधी जेवायला ये म्हटलं नाही आणि त्याने कधी नाही म्हटलं नाही.

आणि ही परदेशातली पोर एका वाक्यात बोलून मोकळी झाली होती.

"येईन की," जगनदादा म्हणाला. "पावनीनं बोलावल्यावर नाय कसं म्हनू? तसा नितेश मला आता कुठं धाडत नाय. छातीचं आपरेशन झाल्यापासून बापालाच दम भरतो. पन येतो. शेवटची खेप समज."

परतीच्या गाडीत इनेस खिडकीतून कासूपासून पुढचं एकेक स्टेशन वाचत बसली होती. शेवटची खेप, एवढंच गिरजाबाईच्या कानात वाजत होतं. तिने त्याच रात्री मनाशी ठरवलं. चूल आपली नाही, रांधणारे हात आपले नाहीत, घर तर कुणाचंच नाही. एवढ्या फटीतून भावाचा एक घास आत आला, तर यायला हरकत काय?

म्हणून ती आज पदराखाली हात घेऊन उभी होती.

पोपटी लावायला इनेसने मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला घातला. त्यावर वालाच्या शेंगा, मधे बटाटे, अंडी, पुन्हा शेंगा. ओवा चोळून टाकला. मग जगनदादाच्या पिशवीतलं जाडं मीठ तिने मुठीत घेतलं, गिरजाबाईकडे पाहिलं, आणि भीतभीत अर्धी मूठ परत पिशवीत सोडली.

गिरजाबाईच्या तोंडाला ते न चाखताच अळणी लागलं. बोटं पदराखाली वळवळली. ती वळून काटक्यांच्या ढिगाकडे पाहू लागली.

पाल्याने तोंड गच्च बंद करून मडकं जमिनीवर उपडं घातलं. धनेशने भोवती पेंढा आणि गोवऱ्या रचल्या. जाळ चांगला वर आला तेव्हाच शेताच्या बांधावरून काठी टेकत जगनदादा येताना दिसला. एका हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं आणि काखेत पाण्याची बाटली.

गिरजाबाईने गाठोडं लांबूनच ओळखलं. तिने आवाज न करता श्वास सोडला.

"या मामा, या!" धनेश ओरडला. "ह्या सोयऱ्यांना कोंबडं आवडतं का विचारा गो कुणीतरी!"

"कोंबडं चावायला दात हायेत कुठं?" जगनदादा म्हणाला. "शेंगा मऊ झाल्या असल्या तर बघू."

त्याने गाठोडं ओट्यावर ठेवलं, बाटली शेजारी ठेवली आणि पाय धुवायला विहिरीकडे गेला. गिरजाबाई त्याच्या हातापायांवर पाणी घालायला मागोमाग गेली. त्याचे पाय सुजलेले होते. "गाडीत बसायला मिळालं का?" तिने विचारलं. "मिळालं," तो म्हणाला. "एका पोरीनं उठून दिली जागा. आता सगळेच उठतात. आरसा बघायला नको."

दोघं परत आली तेव्हा ओट्यावर बाटली होती. गाठोडं नव्हतं.

इनेस सगळ्यांमधून ताट घेऊन फिरत होती. ताटात तांदळाच्या भाकरीचे तुकडे होते आणि प्रत्येक तुकड्यावर सुकटीची चटणी. तिने एक तुकडा गिरजाबाईच्या हातावर ठेवला.

"दादांनी आणली," ती आनंदाने म्हणाली. "सगळ्यांना पुरली."

वाडीचा हिशेब बघणारी अनिता घरातून धावत आली, पण उशीर झाला होता. "अगं इनेस, ती त्यांची—" एवढं म्हणून ती थांबली. धनेशने चावणं थांबवलं. आणखी कुणी आधीच गिळून बसलं होतं. इनेस एकेकाकडे पाहू लागली आणि तिचा चेहरा हळूहळू उतरला. आपण काहीतरी चुकलो, हे तिला कळलं. काय, ते कळलं नाही.

गिरजाबाईच्या हातात माहेरची भाकरी होती. तिने ती तोंडात घातली. दुसरं काय करावं, ते तिला सुचलं नाही.

जगनदादा ओट्यावर बसला. रिकामं फडकं त्याने उचललं, चौघडी घातली आणि मांडीवर ठेवलं.

"गोळी घेतलीय मी घरनं निघतानाच," तो म्हणाला. "साखरेची. पोटात काय तरी गेलं पायजे."

गिरजाबाई पुढे झाली. हे वाक्य तिने आठवडाभर मनात घोळवलं होतं, पण आता ते तोंडातून तुटक तुटक बाहेर पडलं.

"दादा, आज चूल हिची हाय. मी हात नाय लावला. मडक्याला नाय, शेंगांना नाय. मीठ पन तुमचंच. आनि हे घर काय माझं नाय. सगळ्यांचं हाय."

जगनदादाने तिच्याकडे पाहिलं. मग विस्तवाकडे मान वळवली.

"झालं असंल ते," तो म्हणाला. "करपवू नका."

धनेशने मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र आवाज आला. पेंढ्याची राख बाजूला सारून मडकं उलटं केलं, तसा भांबुर्डीचा आणि ओव्याचा वास सगळ्या आवारात पसरला. केळीची पानं मांडली गेली. जगनदादाच्या पानावर इनेसने वाफाळत्या शेंगा वाढल्या. ती त्याच्या शेजारीच पाय दुमडून बसली आणि गिरजाबाई तिच्या शेजारी.

जगनदादाने एक शेंग उचलली. बोटांना चटका बसला म्हणून या हातातून त्या हातात केली. नखाने सोलली आणि दाणे तोंडात टाकले. तो सावकाश चावत होता. गिरजाबाई त्याच्या जबड्याकडे पाहत नव्हती. ती त्याच्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होती. दाणे चावताना तो अंगठा किंचित हलत होता, लहानपणी मिठागराच्या बांधावर बसून आईच्या हातचं जेवताना हलायचा तसा.

त्याने दुसरी शेंग घेतली. तिसरी घेतली. मग हात थांबला.

"गिरजे," तो म्हणाला.

"ओ."

"मीठ कमी टाकलंस गो."

इनेसने मान झटकन वर केली. "दादा, ते मी—"

गिरजाबाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि घट्ट दाबला.

"तुझ्या हाताला पयल्यापासूनच मीठ कमी," जगनदादा पानावरची नजर न उचलता म्हणाला. "आये म्हनायचीच. मिठागरातली पोर आनि मिठाला भिते."

"व्हय दादा," गिरजाबाई म्हणाली. तिचा आवाज भलतीकडूनच आल्यासारखा आला. "चुकलं माझं. पुढच्या खेपेला नीट टाकीन."

"तशी टाक."

ती उठली. आत जाऊन पिशवीतलं मीठ तिने वाटीत घेतलं, बाहेर येऊन त्याच्यापुढे वाकली आणि पानाच्या वरच्या अंगाला चिमूटभर वाढलं. पंगतीत सगळ्यात आधी वाढायचं ते मीठ आज सगळ्यात शेवटी आलं होतं. जगनदादाने त्यात सोललेला दाणा टेकवला आणि तोंडात टाकला. मान हलवली.

गिरजाबाई वाटी ठेवायला आत निघाली. उंबऱ्यापाशी तिला मागून हाक आली.

"आनि येताना पानी आन गो."

तिने वळून पाहिलं. बाटली ओट्यावर तशीच होती, काठोकाठ भरलेली.